बाहेरचं स्केच, घरचं चित्र: झाडं जलरंगात रंगवताना

झाडाचं चित्र बहुतेक वेळा बाहेर स्केच करतानाच फसलेलं असतं, घरी रंग लावताना ते फक्त लक्षात येतं. वहीत झाडाची बाह्यरेषा असते, खोड असतं, चारदोन पानंही काढलेली असतात. पण ऊन कुठून येत होतं, झाडाच्या कोणत्या भागात सावली होती आणि ती किती गडद होती, हे कुठेच टिपलेलं नसतं. मग टेबलावर बसलं की हात सवयीने सॅप ग्रीनच्या ट्यूबकडे जातो आणि शाळेतल्या स्मरणचित्रातलं झाड कागदावर उतरतं: तपकिरी खांब, वर हिरवा गोळा. एलिमेंटरीच्या परीक्षेला ते चालून गेलं, इथे चालत नाही.

झाड दिसतं ते त्याच्या सावल्यांमुळे, आणि सावली जागेवरच टिपावी लागते. रंग घरी जुळवता येतो, पानाचा आकार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडावरून बघता येतो, सावली मात्र परत मिळत नाही. म्हणून खालची सगळी पद्धत सावलीभोवती बांधलेली आहे. उदाहरणाला शेताच्या बांधावरचा सुटा आंबा घेतला आहे, कारण त्याचा पर्णसंभार दाट असतो आणि उजेड-सावलीचे भाग स्वच्छ वेगळे दिसतात. निलगिरी किंवा बाभळीने सुरुवात करू नये. तिथे सगळं विरळ असतं आणि नवख्याला काय धरावं तेच कळत नाही.

जागेवर

सामान थोडं न्या. ए-५ ची वही, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर, जमलं तर चार रंगांची छोटी पेटी आणि एक ब्रश. पेन्सिलीची धार ब्लेडने लांब करून ठेवा. ६बी आडवी धरून सावलीचा मोठा भाग एका हाताने भरता येतो.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ किंवा दुपारी चारनंतरची. दुपारी बाराला झाडाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते आणि पर्णसंभाराला डावी-उजवी बाजूच उरत नाही. मे महिन्यात, महाराष्ट्रातल्या शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, हे सगळ्यात जास्त जाणवतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल तर दिशा असलेली सावली मिळणारच नाही. तेव्हा झाडाच्या पोटातला अंधार आणि मागच्या झाडांचा फिका राखाडीपणा, एवढ्या दोनच गोष्टींवर चित्र उभं करायचं असतं.

पहिल्या पाच मिनिटांत काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, म्हणजे साधारण ५ × ७ सेंटीमीटरच्या दोन-तीन चौकटी आखा. प्रत्येकीत झाड वेगळ्या जागी ठेवून बघा. तपशील नको, फक्त तीन टोन: आभाळ पांढरं, उजेडातलं झाड करडं, सावली काळी. डोळे किलकिले केले की पानं नाहीशी होतात आणि हे तीन टोन उरतात. त्यातली एक चौकट निवडून मोठं स्केच सुरू करा.

मोठ्या स्केचमध्ये सगळ्यात आधी जमिनीवरच्या सावलीची कड आखा. बहुतेक जण ती शेवटी काढतात आणि तिथेच गडबड होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे अर्ध्या तासात उन्हाची दिशा सात-आठ अंशांनी सरकलेली असते आणि सूर्य खाली असताना सावलीची लांबीही भराभर बदलते. झाडावरची सावली पावणेआठची आणि जमिनीवरची सव्वाआठची असली तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. एकदा आखलेली सावली नंतर दुरुस्त करू नका, समोरची कितीही बदलली तरी. पानाच्या कोपऱ्यात वेळ लिहा आणि सूर्याच्या दिशेचा बाण काढा.

मग माप. हात ताठ धरून पेन्सिलीवर झाडाची उंची घ्या आणि तेच माप आडवं धरून रुंदीशी ताडून बघा. सुटा वाढलेला आंबा बऱ्याचदा उंचीइतकाच रुंद असतो, आणि आपण मात्र तो सवयीने उंच काढतो. खोड किती उंचीवर फुटतं तेही मोजा. झाडाखाली एक माणूस काढून ठेवा, नसला तरी. घरी गेल्यावर झाड वीस फुटांचं होतं की चाळीस, हे त्यावरून कळतं. डोळ्याच्या पातळीची रेघ कडेला खूण करून ठेवा. त्या रेघेच्या वरच्या फांद्यांची पोटं दिसतात, खालच्यांच्या पाठी.

फांद्यांच्या जाडीला एक ठोकताळा आहे, चित्रकार लिओनार्दो दा विंचीने नोंदवलेला: एका खोडातून फुटलेल्या फांद्यांच्या छेदांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर साधारण खोडाएवढं भरतं. म्हणजे १० मिलिमीटर जाडीचं खोड दोन सारख्या फांद्यांत फुटलं तर प्रत्येक फांदी सुमारे ७ मिलिमीटरची, तीन फुटल्या तर जेमतेम ६ ची. फांदी फुटेपर्यंत जाडी जवळपास तीच राहते आणि फुटल्यावर एकदम कमी होते. खोडापासून शेंड्यापर्यंत सारखी निमुळती होत जाणारी फांदी काढली की झाड खोटं दिसतं, त्याचं कारण हे.

शेवटची पाच-सात मिनिटं टोन आणि नोंदींची. ६बीने सावलीचे भाग सलग भरा आणि प्रत्येक भागावर १ ते ५ मधला आकडा टाका. १ म्हणजे कागदाचा पांढरा, ५ म्हणजे झाडाच्या पोटातला सगळ्यात गडद अंधार. आभाळालाही आकडा द्या, ते विसरतं. रंगाची नोंद नुसती ‘हिरवा’ अशी निरुपयोगी असते. ‘डावीकडे वर पिवळट, २. आत निळसर काळपट, ५. खोडाच्या खालच्या भागात मातीचा तांबूस उजेड, ३’ अशी हवी. आंब्याला नवी पालवी असेल तर ती तांबूस-तपकिरी असते आणि मोहर असेल तर झाडाचा वरचा पृष्ठभाग गवती पिवळट दिसतो. दोन्ही लिहून ठेवा, घरी आठवत नाही. बाजूला एक डहाळी मोठी करून काढा: पानं देठाला कशी लागतात, लोंबतात की उभी राहतात.

फोटो काढायला हरकत नाही, पण तीनच: पूर्ण झाड, खोड फुटतं ती जागा, आणि डहाळी. पूर्ण झाडाचा फोटो शक्य तितका लांबून घ्या. जवळून फोन वर करून काढला तर खोड तळाशी फुगतं आणि झाड मागे कलतं. टोनसाठी फोटोवर विसंबू नका. आभाळ नीट यावं म्हणून फोन सावली काळी करून टाकतो आणि त्या काळ्यातले तीन-चार हिरवे आपल्याला परत मिळत नाहीत.

स्केच मोठं करणं

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत पृष्ठभागाचा), शक्यतो पूर्ण सुती. आकार पाव इम्पीरियल म्हणजे ११ × १५ इंच, सेंटीमीटरमध्ये २८ × ३८. ए-५ स्केच १४.८ × २१ चं असतं. लांबी २१ ची ३८ करायची तर सगळं १.८१ पट होतं आणि रुंदी २६.८ येते. म्हणजे वर-खाली मिळून सव्वा सेंटीमीटर जास्त उरतो, तो आभाळाला द्या. स्केचवर उभे चार आणि आडवे तीन भाग पाडा, कागदावरही आभाळाची जादा पट्टी सोडून तसेच, आणि चौकटीनुसार मुख्य रेषा उतरवा: जमिनीची रेघ, खोड, पर्णसंभाराची बाह्यरेषा, त्यातले चार-पाच मोठे पुंजके, जमिनीवरची सावली. एकही पान नको.

इथे एचबी वापरा आणि हलक्या हाताने. ६बीचा ग्राफाइट पहिल्याच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हातात, सुटतो आणि पिवळा मळतो. खोडरबर घासू नका, टेकवून उचला. घासलेल्या जागी कागदावरचं साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा खळीचा थर) निघतं आणि रंग तिथे शाईसारखा शोषला जाऊन डाग पडतो.

हिरवे रंग

सॅप ग्रीन वाईट नाही, पण सरळ ट्यूबमधून लावला तर महाराष्ट्रातल्या कुठल्याच झाडाचा वाटत नाही. पुढचे सहा रंग पुरतात: लेमन यलो, गॅम्बोज (उबदार पिवळा), अल्ट्रामरीन (जांभळट निळा), प्रशियन ब्लू (हिरवट गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमझन (गडद लाल). उजेडातल्या पानांसाठी गॅम्बोज तीन भाग आणि अल्ट्रामरीन एक भाग. हिरव्या कोवळ्या पालवीसाठी गॅम्बोजच्या जागी लेमन यलो. सावलीसाठी प्रशियन ब्लू एक, गॅम्बोज एक, बर्न्ट सिएना अर्धा. सर्वांत गडद जागेला प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना सारखे, पिवळा नाहीच. प्रशियन ब्लू जोरकस आहे, ब्रशच्या टोकाने घ्या. एकदा जास्त झाला तर दुरुस्त करताना अर्धी ट्यूब गॅम्बोज जाते.

हिरवा कच्चा वाटला तर त्यात थोडा बर्न्ट सिएना घाला, काळा नको. आणि एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नकोत. चौथा रंग आला की मिश्रण राखाडी-चिखली होतं, वर ब्रश घासला तर नक्कीच.

एक गोष्ट पानांबद्दल. उन्हाच्या बाजूने दिसणारं पान आभाळाचा उजेड परावर्तित करतं म्हणून निळसर-फिकं दिसतं. उन्हाआडून दिसणारं पान उजेड आरपार येऊ देतं म्हणून पोपटी, झगझगीत. उन्हातलं सगळंच पिवळं करायची सवय असते. आंबा, वड, फणस यांची पानं चकचकीत आणि जाड, त्यांच्यावर निळसर फिके ठिपके दिसणारच.

रंगवणं

रंगाचा पातळपणा चहा, दूध आणि साय या तीन मापांत लक्षात ठेवा. पहिले वॉश चहाइतके, मधले दुधाइतके, शेवटचे गडद सायीइतके. पातळावर घट्ट बसतं. घट्टावर पातळ लावलं की खालचं उखडतं.

कागद बोर्डावर टेपने चिकटवा आणि वरच्या कडेखाली चार-पाच सेंटीमीटर जाडीचं काही ठेवा, म्हणजे वॉश सावकाश खाली उतरेल. आभाळाचा वॉश भरपूर कालवा, तीन-चार चमचे पाण्याचा. अर्ध्यात संपला आणि दुसरा कालवेपर्यंत पहिल्याची कड वाळली तर ती रेघ जात नाही. आभाळ झाडाच्या जागेवरूनही न्या. झाडाभोवतीने आभाळ रंगवत बसलं की पांढरी किनार उरते आणि झाड कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय आभाळ आत असलं की पानांमधली भोकं आपोआप मिळतात. पूर्ण वाळू द्या. कागदाला बोटांची मागची बाजू लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

आता उजेडाचा हिरवा, चहाइतका, पूर्ण पर्णसंभारावर एकदम. १० किंवा १२ नंबरचा राऊंड ब्रश आडवा धरून, टोकाने नाही, पोटाने. कडेला ब्रश झपकन ओढला की कागदाच्या खडबडीतपणामुळे कड तुटक येते, ती हवी. आभाळाची पाच-सात भोकं सोडा, लहान-मोठी, बहुतेक बाह्यरेषेच्या जवळ. सारख्या अंतरावर सोडलेली सारखी भोकं हा झाडाच्या चित्रातला सर्वांत जास्त दिसणारा दोष. भोकांतलं आभाळ बाहेरच्या आभाळापेक्षा किंचित गडद असतं, कारण त्या भोकातही न दिसणाऱ्या काड्या असतात. शेवटी तिथे फिका करडा हात फिरवा.

हा वॉश ओला असतानाच दुधाइतका मध्यम हिरवा सावलीच्या बाजूला सोडा. कधी सोडायचा हे कागदावरची चमक सांगते. पाणी साठलेलं असेल तर थांबा, नाहीतर रंग वाहून जाईल. सलग चमक असेल तर सोडा, कड मऊ होऊन पसरेल. चमक गेली की हात काढून घ्या. चमक गेलेल्या कागदावर पाणीदार ब्रश लावला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि कडा फुटलेला कोबीसारखा डाग पडतो. पडलाच तर वाळेपर्यंत हात लावू नका. झाडात तो बऱ्याचदा पानांत खपून जातो.

वाळल्यावर सावलीचे पुंजके. स्केचमधले ४ आणि ५ आकडे इथे कामाला येतात. पर्णसंभार म्हणजे एक मोठा गोळा नव्हे, प्रत्येक मोठ्या फांदीचा वेगळा पुंजका असतो. प्रत्येकाचा वरचा भाग उजेडात, पोट सावलीत. पुंजक्याचं पोट रंगवा आणि त्याखालच्या पुंजक्याचा माथा तसाच सोडा. सावलीचे तुकडे एकमेकांना जोडलेले हवेत. सुटे सुटे ठिपके दिले तर झाड गोवर आल्यासारखं दिसतं. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त वाटेल इतका गडद लावा. नवखे इथे घाबरतात आणि मग तीन-तीन थर देत बसतात. एकाच थरात नीट गडद लावलेली सावली पारदर्शक राहते, तीन थरांची मेलेली दिसते.

खोड आणि फांद्या यानंतर, आणि फक्त दिसतील तिथे. भोकात दिसणारी फांदी आभाळापुढे काळी असते. तीच फांदी गडद पानांपुढून गेली की फिकी दिसते. खोड वरच्या बाजूला, पर्णसंभाराखाली, सर्वांत गडद. जमिनीकडे येताना मातीच्या परावर्तित उजेडाने तांबूस आणि फिकं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्या दोघांत आंब्याचं खोड होतं. पावसात भिजलेलं खोड जवळजवळ काळंच करा, ते तसंच दिसतं.

जमिनीवरची सावली एका दमात. अल्ट्रामरीन, थोडा बर्न्ट सिएना, चिमूटभर क्रिमझन, दुधाइतका पातळ. ती जमिनीच्या चढउतारावरून वळली पाहिजे: बांधावर चढते, चारीत उतरते. दोनदा हात फिरवू नका. आणि अगदी शेवटी सुटी पानं, वीस-पंचवीस, सगळी कडेला आणि उजेड-सावलीच्या सीमेवर. मध्ये पानं काढायचा मोह होईल तेव्हा ब्रश धुऊन ठेवा.

काही झाडांच्या खोडी

वडाच्या पारंब्या आडव्या फांदीच्या पोटातून निघतात आणि फांदी कशीही वाकलेली असो, ओळंब्याने सरळ खाली येतात. त्या फांदीला काटकोनात काढायची चूक होते. रिगर ब्रशने, म्हणजे लांब केसांच्या बारीक ब्रशने, वरून खाली ओढा, झुपक्याने. दोनचार जवळ, मग मोठी मोकळी जागा. जमिनीत रुजलेल्या पारंब्यांना जाडी द्या, त्या आता खांब आहेत. वडाची साल राखाडी, फिकी. बर्न्ट सिएना हात राखून.

माडाचं प्रमाण नेहमी चुकतं. पंधरा मीटर उंच माडाचं खोड तीस-चाळीस सेंटीमीटर जाड, म्हणजे उंचीच्या चाळिसाव्या भागाइतकं. कागदावर माड २० सेंटीमीटर उंच असेल तर खोड ५ मिलिमीटर, बुंध्याशी थोडं फुगलेलं. झावळी चार-पाच मीटर लांब असते, त्यामुळे डोक्याचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरतो. आपण तो छत्रीएवढा काढतो. झावळ्या तीन प्रकारच्या हव्यात: मधल्या कोवळ्या उभ्या, मधल्या वयाच्या आडव्या, जुन्या खाली लोंबणाऱ्या, एखादी वाळकी तपकिरी. आपल्याकडे रोखलेली एक आखूड झावळी काढलीत की डोकं सपाट दिसत नाही. आधी प्रत्येक झावळीचा मधला दांडा एका कमानीत, मग त्यावरून खाली लोंबणारी पाती. पोफळीचं खोड याहून सडपातळ आणि सरळसोट, वरचा भाग हिरवा गुळगुळीत.

पळस फुलला असेल तर क्रम उलटा. पारदर्शक जलरंगात नारिंगी रंग गडदावर बसत नाही, म्हणून फुलं आधी, कोऱ्या कागदावर, झुपक्यांनी. पूर्ण वाळल्यावरच वाकड्या काळ्या फांद्या आणि फुलांच्या देठाशी असलेले मखमली गडद निदलपुंज, म्हणजे फुलाखालच्या वाट्या. ओल्या नारिंगीला हिरवा लागला की दोन्ही मिळून तपकिरी होतात.

केळीचं पान वाऱ्याने मधल्या शिरेला आडवं, बाजूच्या शिरांच्या रेषेत फाटतं. प्रत्येक पट्टी वेगळ्या कोनात लोंबते म्हणून एकाच पानात पोपटी आणि निळसर शेजारी-शेजारी येतात.

परसातला अळू: उलट बाजूने रंगवणं

लहान झाडोऱ्याला वरची पद्धत लागू पडत नाही, तिथे पानांमधला अंधार रंगवायचा असतो. अळू यासाठी उत्तम: पानं मोठी, आकार स्वच्छ. स्केच करताना जवळ जाऊन बघा. देठ पानाच्या कडेला लागत नाही, आत, खाचेपासून थोडा पुढे पाठीमागून चिकटतो, आणि तिथून शिरा फुटतात. म्हणून पान देठावर टांगल्यासारखं कलतं. हा जोड चुकला की ते पिंपळाचं पान होतं.

घरी पूर्ण जागेवर फिका पिवळट हिरवा वॉश द्या, अधूनमधून निळसर सोडा, वाळवा. समोरची तीन-चार पानं पेन्सिलने आखा आणि त्यांच्याभोवती मध्यम हिरवा लावा. बाहेरची कड ओल्या ब्रशने विरघळवून टाका. वाळल्यावर त्या मध्यम हिरव्यात मागची पानं आणि देठ आखा, त्यांच्याभोवती आणखी गडद. तिसऱ्या वेळी फक्त देठांमधल्या फटी, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएनाच्या सायीइतक्या घट्ट मिश्रणाने. चौथा थर लागत नाही. पानावरचा पाण्याचा थेंब हवा असेल तर त्याची उन्हाकडची आतली बाजू गडद, समोरची फिकी, आणि गडद बाजूत सुईच्या टोकाएवढा कोरा कागद.

वाळण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिलमध्ये देशावर वॉश मिनिट-दोन मिनिटांत वाळतो. तेव्हा कागद मागूनही ओला करून बोर्डावर पसरा आणि ब्रश एक नंबर मोठा घ्या. कोकणात जुलैत तोच वॉश अर्धा तास ओला राहतो. हेअर ड्रायर वापरायचा तर चमक गेल्यानंतर, एक फूट लांबून. आधी लावला तर हवेने रंग ढकलला जातो. पावसाळ्यात कोरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. दमट हवेत राहिलेल्या कागदाचं साइझिंग जागोजाग मरतं आणि सपाट वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात. असा कागद ओळखायचा असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका: लगेच शोषला गेला तर तो पेन्सिलसाठी ठेवून द्या.